डाव जिंकला, पण कॉल बरोबर होता का?

नेरूळ पूर्व (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी.

गेली दोन वर्षं आमच्या सोसायटीतले सहाजण दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की पोकर खेळतो. टेक्सस होल्डम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडी: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). दर टप्प्यावर चकत्या लावायची फेरी, आणि सातांतली सगळ्यांत भारी पाच पानं धरायची. पैसे नाहीत. प्रत्येकाला प्लास्टिकच्या दोनशे चकत्या मिळतात. ज्याच्या संपल्या त्यानं उरलेली रात्र पत्ते पिसायचे, वाटायचे आणि चहा टाकायचा. पैसे नसले तरी कुणी उगाच खेळायचं म्हणून खेळत नाही. मी तर या खेळातून विचार कसा करायचा ते शिकतोय, म्हणूनच हा धागा.

पावसाळ्यात आम्ही एक पद्धत सुरू केली. पॉट (मधे जमलेल्या चकत्या) पन्नासच्या वर गेला की ज्याची पाळी आहे त्यानं कॉल (समोरच्याइतक्याच चकत्या लावणं), रेझ (वाढवणं) किंवा फोल्ड (पानं टाकणं) म्हणायच्या आधी एका चिठ्ठीवर एका ओळीत कारण लिहायचं, घडी घालायची आणि चिठ्ठी स्वतःच्या चकत्यांखाली ठेवायची. डाव संपला की सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात जातात. महिन्यातून एकदा खोकं उघडून वाचतो. हे सुरू करायचं कारण असं की डाव संपल्यावर प्रत्येकाला निकालाला शोभेल तेच कारण आठवतं. जिंकलेला म्हणतो, मला कळलंच होतं. हरलेला म्हणतो, नशीब. दोघांनी त्या क्षणी खरंच काय विचार केला होता ते कुणालाच सांगता येत नाही.

आता माझा डाव. ब्लाइंड एक-दोन, म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी सक्तीनं लावायच्या चकत्या, स्मॉल ब्लाइंडची एक आणि बिग ब्लाइंडच्या दोन. मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी माझी पाळी. हातात बदाम राजा आणि बदाम गुलाम. माझ्या उजवीकडचा गडी (त्याला इथे तिसरा मजला म्हणतो) रेझ करून सहा करतो. माझा कॉल, स्मॉल ब्लाइंडचा कॉल, बिग ब्लाइंड पानं टाकतो. पॉट २०.

फ्लॉप: इस्पिक राणी, बदाम नव्वी, बदाम चव्वी. स्मॉल ब्लाइंडचा चेक (काही न लावता पाळी पुढे), तिसरा मजला २० लावतो, मी कॉल, स्मॉल ब्लाइंड बाहेर. पॉट ६०.

टर्न: किलवर दुर्री. तिसरा मजला ४० लावतो. मी चिठ्ठी लिहिली आणि कॉल केला.

रिव्हर: चौकट दश्शी. राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, सलग पाच पानं. त्यानं चेक केलं, मी ७० लावले, त्यानं कॉल करून किलवर राणी आणि चौकट नव्वी दाखवली. दोन जोड्या. २८० चकत्यांचा पॉट माझा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, 'काय कॉल होता' म्हणाले.

काल खोकं उघडलं. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "बदाम येईल असं वाटतंय."

ती ओळ वाचून मला मनापासून वाईट वाटलं. बदाम आलाही नव्हता, दश्शी आली होती. टाळ्या मिळाल्या त्या पानाला, माझ्या विचाराला नव्हे. म्हणून विचारतो: रिव्हर बाजूला ठेवा, टर्नवर तो कॉल बरोबर होता का? आणि असा निर्णय पुढच्या वेळी नीट घ्यायची सवय कशी लावायची?

गणिताची वही
रविवार, सकाळी १०:१५

चिठ्ठीची पद्धत फार आवडली. मी कळव्याला शाळेत गणित शिकवते. मुलांच्या उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की काय करायचं, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

तुमची रीत मांडून बघते. समोर ६० चा पॉट आणि त्याचे ४०, म्हणजे १०० मिळवण्यासाठी तुम्ही ४० टाकणार. एकूण १४० होतील, त्यातले ४० तुमचे. ४० भागिले १४०, म्हणजे २८.६ टक्के. तितक्या वेळा जिंकलात तर बरोबरी, जास्त वेळा जिंकलात तर फायदा.

आता कामाची पानं, म्हणजे तुमचे पाच बदाम (फ्लश) किंवा सलग पाच पुरी करणारी. ५२ पैकी तुमची दोन आणि मधली चार दिसताहेत, न दिसणारी ४६. बदाम एकूण तेरा, चार दिसले, उरले नऊ. दश्श्या चार, पण बदाम दश्शी आधीच बदामांत मोजली गेली, म्हणून तीन. (इथे मुलं हमखास तेरा लिहितात.) एकूण बारा. ४६ पैकी १२ म्हणजे २६.१ टक्के.

२६.१ हे २८.६ पेक्षा कमी. माझ्या मते फोल्ड.

वाशी प्लॅटफॉर्म चार
रविवार, सकाळी १०:३२

वाचतोय. छान विषय.

खारघर टेकडी
रविवार, दुपारी १२:०५

गणिताची वही, आकडे बरोबर पण हिशेब अर्धा आहे. तीन गोष्टी राहिल्या.

एक, राजा. त्याच्याकडे नुसती राणीची जोडी असेल तर रिव्हरला आलेला कुठलाही राजा नेरूळला जिंकवतो. तीन राजे शिल्लक आहेत. बाराचे पंधरा झाले.

दुसरी गोष्ट, पुढे मिळणाऱ्या चकत्या. टर्नवर पॉटमध्ये १०० होते हे खरं, पण पान लागल्यावर त्यानं आणखी ७० दिलेच ना? पान नाही लागलं तर नेरूळ पानं टाकून मोकळा, त्याचे ४० च्या वर काही जात नाहीत. लागलं तर वर आणखी काहीतरी मिळतं. हे न धरता कॉल-फोल्ड ठरवणं म्हणजे दुकानाचं पहिल्या महिन्याचं भाडं बघून दुकान घ्यायचं की नाही ते ठरवण्यासारखं आहे.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. समोर कोण बसलाय? दोन वर्षं दर शनिवारी त्याला बघताय. त्याचा हात, श्वास, चकत्या पुढे सरकवायची पद्धत. पोकर माणसाशी खेळतात, ४६ पानांशी नाही.

गणिताची वही
रविवार, दुपारी १२:२०

राजा मी धरलाच नाही, चूक माझी. ४६ पैकी १५ म्हणजे ३२.६ टक्के. मग कॉल फायद्याचा होतो. पण तो राजा कामाचा आहे की नाही हे समोरच्याच्या पानांवर ठरतं. त्याच्याकडे राणी-नव्वी होती हे आपल्याला नंतर कळलं. त्या पानांपुढे राजा काहीच कामाचा नाही.

त्या नेमक्या पानांपुढचं गणित मी पुन्हा केलं. दोघांच्या हातातली मिळून चारही पानं उघडी धरली तर न दिसणारी ४४. नऊ बदामांतली राणी आली तर त्याच्या तीन राण्या आणि दोन नव्व्या होतात, म्हणजे फुल हाऊस, तुम्ही फ्लश करूनही हरता. म्हणून आठ बदाम आणि तीन दश्श्या, अकरा पानं. ४४ पैकी ११, बरोबर २५ टक्के. चारदा कॉल केलात तर एकदा १०० मिळतील आणि तीनदा ४० जातील, म्हणजे चार डावांत २० चा तोटा, डावाला ५. पान लागल्यावर सरासरी २० चकत्या जास्तीच्या मिळत असतील तर तो तोटा भरून निघतो. तुम्हाला ७० मिळाले. तेव्हा खारघर टेकडी यांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य.

माजिवडा नाका
रविवार, दुपारी ३:५०

आता खरा प्रश्न सापडला. तिसऱ्या मजल्याकडे कुठली पानं होती ते डाव संपल्यावर कळतं. टर्नवर विचारायचं ते असं: तो ज्या पद्धतीनं खेळला त्या पद्धतीनं कुठकुठली पानं खेळला असता, आणि त्यांतली किती प्रकारे त्याच्या हातात येऊ शकतात? यालाच रेंज म्हणतात. एकाच पानावर बोट ठेवायचं नाही.

नेरूळ, तुमचा हा गडी भरपूर डावांत रेझ करतो ना? राणी-नव्वी वेगवेगळ्या रंगांची घेऊन सहा करणारा माणूस सढळच असणार. मग मोजू. एक राणी मधे आहे, म्हणून तीन शिल्लक.

एक्का-राणी: चार एक्के गुणिले तीन राण्या, १२ प्रकारे. राणी-दश्शी: चार गुणिले तीन, १२. राणी-गुलाम: एक गुलाम तुमच्याकडे, म्हणून तीन गुणिले तीन, ९. हे झाले ३३. या सगळ्यांपुढे तुमचा राजा चालतो आणि तुम्ही साधारण तीनातून एकदा जिंकता.

दुसरी बाजू. राजा-राणी ९, राणी-नव्वी ९, एक्क्यांची जोडी ६, राजांची जोडी ३, आणि राणी, नव्वी, चव्वीच्या तीन-तीन, म्हणजे सेट, प्रत्येकी ३ प्रमाणे ९. हे ३६. यांच्यापुढे राजा मदतीला येत नाही, तुम्ही चारातून एकदा किंवा थोडं जास्त.

३३ आणि ३६ चं वजन घालून सरासरी काढली तर २९ टक्क्यांच्या आसपास येते. त्याच्या हातातही एखादा बदाम असू शकतो, ते धरलं तर किंचित खाली. लागणारे २८.६. म्हणजे निर्णय अगदी काठावर होता आणि पुढे मिळणाऱ्या चकत्यांनी तो कॉलकडे झुकतो.

कॉल बरोबर. चिठ्ठी चूक.

नेरूळ पूर्व (धागाकर्ता)
रविवार, संध्याकाळी ६:३०

माजिवडा नाका, हे मोजणं वाचून मी अर्धा तास कागद घेऊन बसलो आणि पुन्हा स्वतः मोजलं. बरोबर येतंय. होय, तो सढळ खेळतो.

पण टेबलावर बसून ६९ प्रकार मोजायला वेळ कुठून आणायचा?

माजिवडा नाका
रविवार, संध्याकाळी ७:१०

टेबलावर मोजायचंच नाही. घरी मोजायचं. दर आठवड्याला एक डाव घ्यायचा आणि वहीवर असा उलगडायचा. काही महिन्यांनी हात आपोआप तयार होतो. दोन गोष्टी पाठ ठेवा. जोडी ६ प्रकारे येते आणि दोन वेगळी पानं १६ प्रकारे. त्यांतलं एखादं पान दिसलं की जोडीचे ६ चे ३ होतात, १६ चे १२. 'त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असणार' असं मनात आलं की स्वतःला विचारा, सहा प्रकारांना मी भितोय आणि बारा प्रकारांना विसरतोय का?

टक्के काढायलाही सोपी रीत आहे. एक पान यायचं असेल तर कामाची पानं गुणिले दोन, फ्लॉपवरून दोन्ही पानं यायची असतील तर गुणिले चार. नऊ बदाम गुणिले चार ३६, खरा आकडा ३५. दोन्हीकडून उघडा सलग असेल (सलग चार पानं, पाचवं कुठल्याही टोकाला चालेल) तर आठ चोक बत्तीस, खरं साडेएकतीस. टेबलावर एवढं पुरतं.

खारघर टेकडी
रविवार, रात्री ९:००

मी अजून माझ्या तिसऱ्या मुद्द्यावर आहे. तुम्ही म्हणता सढळ गडी. पण त्याच गड्यानं टर्नवर ४० लावताना हात थरथरला असेल, तर ते ६९ प्रकार समसमान राहतात का?

माजिवडा नाका
रविवार, रात्री ९:२५

राहत नाहीत, आणि इथे मी तुमच्या बाजूनं आहे. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी प्रकार मोजा, मग हाताच्या थरथरीनं त्यांचं वजन थोडं हलवा. बहुतेकजण आधी चेहरा बघतात आणि मग चेहऱ्याला जुळेल असं एकच पान मनात धरतात. थरथरणारा हात म्हणजे घाबरलेला माणूस असं नवख्यांना वाटतं. माझ्या अनुभवात तो पुष्कळदा भारी पानं लागलेला माणूस असतो.

कोपरीकर
सोमवार, सकाळी ७:४५

माफ करा, पण मला हा धागा वाचवत नाही.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळला. तोही हेच शब्द वापरायचा. रेंज, ऑड्स, निर्णय. रात्री दोनला मला उठवून डाव समजावून सांगायचा. मुदत ठेव मोडली, मग दोन ॲपवरून कर्ज काढलं, मग आईच्या पाटल्या गहाण गेल्या. घरात कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. आजही तो म्हणतो की माझा खेळ चांगला होता, दिवस वाईट होते.

'स्ट्रॅटेजी' या शब्दानं माणूस स्वतःला किती काळ फसवू शकतो, ते मी घरात बघितलंय. कृपया नव्या मुलांना या वाटेला लावू नका.

नेरूळ पूर्व (धागाकर्ता)
सोमवार, सकाळी ९:१०

कोपरीकर, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. हे लिहिणं सोपं नाही.

मी पुन्हा स्पष्ट सांगतो. आमच्याकडे एक रुपया लागत नाही, आणि कुणी 'थोडेसे लावू या' म्हणालं तर तो डाव तिथेच थांबतो. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणं आता देशभर बंद आहे. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला, आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवलेला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि तुमचं वाचून जास्तच.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नसावी. पैशाच्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून चालवणारा आपला वाटा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. बरोबरीची सहा माणसं रोज आपापसांत खेळली तर कालांतरानं सहाही हरतात, कारण टेबलावरचे पैसे दर डावाला कमी होत जातात. नुसता चांगला खेळ तिथे पुरत नाही, रेक भरून वर उरेल इतका चांगला लागतो. हा हिशेब जाहिरातीत नसतो.

गणिताची वही
सोमवार, दुपारी १:००

कोपरीकर, तुमच्या भावाचं 'खेळ चांगला, दिवस वाईट' हे वाक्य मला सोडत नाहीये. नेरूळच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या याच वाक्यासाठी आहेत. चिठ्ठी नसेल तर हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही.

एक विचारू? तो हरल्यावर उठायचा की आणखी लावायचा?

कोपरीकर
सोमवार, रात्री ८:२०

आणखी लावायचा. दर वेळी. 'एवढे परत आले की उठतो' म्हणायचा.

नेरूळ पूर्व (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:०५

याला खेळात टिल्ट म्हणतात. पिनबॉलचं यंत्र रागानं हलवलं की ते बंद पडून टिल्ट दाखवतं, त्यावरून. टाळकं सटकलेलं असताना माणसाला सगळे आकडे येत असतात, पण तो ते वापरत नाही. आमच्याकडे नियम आहे: मोठा पॉट हरलेल्यानं पुढचे दोन डाव उठून गॅलरीत जायचं. त्याला वाटो न वाटो. 'मी शांत आहे' असं म्हणणाऱ्यालाही सूट नाही, कारण शांत आहे की नाही हे ठरवणारं डोकं तेच असतं.

नौपाडा
मंगळवार, सकाळी ६:३०

मी ब्रिज खेळते, पोकर नाही. वय ७१. पण तुमचं सगळं वाचलं आणि बरंचसं ओळखीचं वाटलं.

मला ज्यांनी ब्रिज शिकवलं त्यांची एकच सक्ती होती. डमी (पार्टनरची टेबलावर मांडलेली पानं) उघडली की पहिलं पान टाकायच्या आधी हात मांडीवर ठेवायचे आणि पूर्ण डाव मनात खेळून घ्यायचा. आपले पक्के हात किती, कमी किती पडतात, ते कुठून आणायचे. सांगता नाही आलं तर ते पान टाकूच देत नसत. तुमची चिठ्ठी आणि त्यांची मांडी एकच.

आम्हालाही टक्के पाठ असावे लागतात. समोरच्या दोघांकडे मिळून हुकमाची पाच पानं असतील तर ती तीन-दोन अशी ६८ टक्के वेळा विभागलेली असतात, चार-एक २८, पाच-शून्य ४. म्हणून तीन-दोन धरून खेळायचं. शंभरात चारदा पाच-शून्य निघतात आणि डाव बुडतो. पार्टनर तोंड वाकडं करतो. तरी पुढच्या वेळी पुन्हा तीन-दोनच धरायचं. हे शिकायला मला वर्षं लागली. बुडलेल्या डावाची आठवण फार चिवट असते.

आणखी एक. क्लबात आम्ही डुप्लिकेट खेळतो. तीच पानं, तशीच्या तशी, बोर्डात घालून पुढच्या टेबलावर जातात. मग तुला चांगली पानं आली म्हणून जिंकलास, हे बोलायची सोयच राहत नाही. त्याच पानांवर दुसऱ्यांनी काय केलं ते बघायचं. तुम्ही मंडळी हे का करत नाही?

माजिवडा नाका
मंगळवार, सकाळी ९:३०

काकू, तुम्ही जे सुचवलंत ते पोकरमध्ये एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालंय.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस नावाचा संगणक चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवस खेळला, एकूण १,२०,००० डाव. एका खेळाडूला जी पानं मिळत, तीच दुसऱ्या खोलीतल्या त्याच्या जोडीदाराविरुद्ध संगणकाला मिळत. नशीब दोन्हीकडे सारखं वाटलेलं. संगणक मोठ्या फरकानं जिंकला. म्हणजे एवढे डाव आणि अशी आरशासारखी पानं, हे सगळं केलं तेव्हा कुठे 'कोण चांगलं खेळतं' हे छातीठोकपणे सांगता आलं. आपण एका शनिवारच्या निकालावरून स्वतःला हुशार किंवा मूर्ख ठरवतो!

त्याच्या आधी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं दोघांमधला, ठरावीक रकमेच्या बोलीचा होल्डम जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाचा संगणक सहाजणांच्या टेबलावरही जिंकला. आणि याची मुळं खूप जुनी. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्येच खेळांचं गणित मांडलं आणि १९४४ च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र भाग लिहिला. ब्लफ (हलक्या पानांवर भारी असल्यासारखं लावणं) हा धूर्तपणा नाही, गणितानंच लागणारी गोष्ट आहे, हे त्यांनी दाखवलं. फक्त चांगल्या पानांवर लावणाऱ्याला कुणीच कॉल करणार नाही.

नेरूळ, तुमचाच डाव घ्या. ६० च्या पॉटमध्ये तुम्ही रिव्हरला ४० लावताय असं समजा. समोरच्याला बरोबरीसाठी २८.६ टक्के लागतात. तर तुमच्या अशा लावण्यांत २८.६ टक्के ब्लफ असावेत. मग त्यानं कॉल केला काय नि फोल्ड केला काय, त्याला काहीच फरक पडत नाही. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यानं शंभरातून साठदा तरी टिकून राहायला हवं, नाहीतर तुम्ही कुठल्याही दोन पानांवर ४० लावून नफा करत राहाल. टर्नवर तुम्हाला अडवणारा आकडा आणि रिव्हरला तुमच्या ब्लफचा आकडा एकच निघतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही मिटून नुसता बसून राहिलो होतो.

खारघर टेकडी
मंगळवार, सकाळी ११:१५

हे मला माहीत नव्हतं. मी ब्लफ फक्त चेहरा बघून करत आलो. पुन्हा वाचतो.

नवीन सभासद ऐरोली
मंगळवार, दुपारी २:४०

मला तीन पत्ती आणि रमी येते, पोकर नाही. तुमचं अर्धं कळलं. सुरुवात कुठून करू? पैसे लावायचे नाहीत हे समजलं.

गणिताची वही
मंगळवार, दुपारी ३:३०

दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यातल्या बहुतेक टाकून द्यायच्या असतात. पहिला महिना फक्त टाकायला शिका. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तिची वाट बघू नका. आणि आली तरी लक्षात ठेवा, एका अनोळखी हातापुढे ती ८५ टक्के जिंकते, पण समोर आठजण डावात राहिले तर ३५ च्या आसपास. तेव्हा चांगली पानं असतील तर रेझ करून गर्दी कमी करा.

मग जागा. शेवटी पाळी असणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसतं. तीच पानं बटणावर खेळायची आणि पहिल्या जागी टाकायची, असं पुष्कळदा होतं.

घोडबंदर
मंगळवार, रात्री १०:५०

मी पत्ते खेळत नाही, पण मला हे रोज लागतं. ठाण्याहून बोरिवलीला गाडी घेऊन जातो. घोडबंदरनं की जेव्हीएलआरनं (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), हे रोज सकाळी ठरवायचं. एक दिवस घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रेलर बंद पडला आणि दोन तास अडकलो. पुढे महिनाभर मी जेव्हीएलआरनंच गेलो आणि रोज उशिरा पोहोचलो. नौपाडा काकूंचं 'आठवण चिवट असते' वाचून हे आठवलं. आजपासून निघताना फोनवर एक ओळ लिहून ठेवणार आहे, कुठला रस्ता आणि का.

कोपरीकर
बुधवार, सकाळी ८:००

नौपाडा काकू, डुप्लिकेट कुठे शिकवतात ठाण्यात? भावाला पत्त्यांपासून तोडणं जमलेलं नाही. घरी तो एकटाच पेशन्स लावत बसतो. पैशांशिवाय, माणसांत बसून, समोर तीच पानं असलेले दुसरे लोक असतील, तर कदाचित.

नौपाडा
बुधवार, सकाळी ८:२०

मला खाजगी संदेश पाठवा. शिकवायला मी स्वतः बसेन. पहिले दोन महिने तो माझा पार्टनर. फक्त आधी घरच्यांशी आणि तो ज्या डॉक्टरांकडे जात असेल त्यांच्याशी बोला. ते नको म्हणाले तर आपण दुसरं काहीतरी शोधू.

नेरूळ पूर्व (धागाकर्ता)
पुढचा रविवार, सकाळी १०:००

काल काकूंची कल्पना करून बघितली.

तोच डाव पुन्हा मांडला. ज्या शनिवारी तो झाला त्या रात्री आमच्यातले दोघं गावाला गेले होते, त्यांच्या जागी शेजारच्या विंगमधले दोन पाहुणे बसले होते. कालही एक पाहुणी आली होती, तिला काहीच माहीत नव्हतं. असे तीनजण, डाव न बघितलेले. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं. बदाम राजा, बदाम गुलाम हातात दिले, फ्लॉप आणि टर्न मांडले, आधी कुणी काय लावलं ते सांगितलं, समोर सढळ खेळणारा गडी आहे हेही सांगितलं आणि चिठ्ठी दिली.

पहिली चिठ्ठी: "फोल्ड. बारा पानं, २४ टक्के. लागतात २८." (दोननं गुणायची रीत. राजा धरला नाही.)

दुसरी: "फोल्ड. दुर्रीला कुणी घाबरत नाही, तरी त्यानं पुन्हा लावले. दोन जोड्या असणार." पाहुणीची ही चिठ्ठी. ती त्याच्याशी कधीच खेळलेली नाही, आणि अंदाज नेमका निघाला. पण तिनं इतर प्रकार मोजले नव्हते. हिला शाबासकी द्यायची की नाही यावर आमचा तासभर वाद झाला. अजून मिटलेला नाही. माझं मत, पुन्हा लावले याला तिनं दिलेलं वजन योग्य, पण एकाच हातावर थांबणं चूक.

तिसरी: "कॉल. राजा, दश्शी, बदाम मिळून १५. राणी-नव्वी असेल तर मागे आहे, पण लागलं तर तो पैसे देईल, तो कधी सोडत नाही." ही चिठ्ठी मी लिहायला हवी होती.

मग मी चौथी चिठ्ठी तिसऱ्या मजल्याला दिली. म्हटलं, तू माझ्या जागी असतास तर? त्यानं पेन घेतलं, बराच वेळ पानांकडे बघत बसला आणि कोरी चिठ्ठी परत दिली. म्हणाला, "समोर काय होतं ते मला माहीत आहे रे. आता काहीही लिहिलं तरी ते खरं नसेल."

ती कोरी चिठ्ठीही खोक्यात ठेवली आहे.